मैत्रिणीसोबत शनिवार-रविवार मोठ्या शहरात जायचंय, आखणी आणि खर्चाची वाटणी कशी करावी?

दोन दिवसांत शहर ‘बघून होत’ नाही, हे आधी मान्य करा. दिवसाला दोनच ठिकाणं पक्की करा, एक तुमच्या आवडीचं, एक तिच्या. दोन्ही शहराच्या एकाच भागात हवीत, कारण या टोकाहून त्या टोकाला जाण्यातच वेळ जातो. नकाशा ३० मिनिटं दाखवत असेल तर ४५ धरा. जिने, रांगा आणि चुकलेलं दार त्यात नसतं.

स्वस्त म्हणून लांबची खोली घेऊ नका. स्टेशनपासून चालत १० मिनिटं, त्याहून लांब नको. शेवटची गाडी कधी सुटते तेही बघा, नाहीतर खोलीत वाचलेले पैसे टॅक्सीत जातात.

हमखास विसरतं ते रविवारचं सामान. खोली सकाळी सोडायची आणि गाडी संध्याकाळची, मग बॅगा कुठे? हॉटेलला आधीच विचारा. स्टेशनवरच्या सामानघरात ठेवणार असाल तर ते बंद व्हायची वेळ बघून घ्या.

दर बिलाला हिशेब नको. एकीने तिकिटं काढावीत, दुसरीने जेवणाचं द्यावं, आणि शेवटी फरकाची निम्मी रक्कम चुकती करावी. एकीचे ३,२०० आणि दुसरीचे १,८०० झाले तर फरक १,४००, म्हणजे दुसरीने ७०० द्यायचे. (पूर्ण १,४०० मागणारेही भेटतात!)

तिकिटं दोघींच्याही फोनमध्ये ठेवा. चुकामूक झाली तर भेटायची जागा सकाळीच ठरवा. ‘स्टेशनबाहेर’ असं मोघम नको, मोठ्या स्टेशनला दारं पाच-सहा असतात. ‘३ नंबरच्या दाराशी, घड्याळाखाली’ असं नेमकं बोला.