आयसीयूतल्या नर्सने पीए व्हावं की एनपी?

ताई, भारतातलं बीएस्सी नर्सिंग, न्यू जर्सीत आठ वर्षं आयसीयूत आरएन (नोंदणीकृत नर्स), आणि आता पीए (फिजिशियन असिस्टंट) करू की एनपी (नर्स प्रॅक्टिशनर), असं तुम्ही विचारलंय. दोघंही पेशंट तपासून निदान आणि उपचार करतात. मी याच वाटेने पीए झाले, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी पैशाचं बघा. एनपी नोकरी सांभाळून करता येतं. पीएचा कोर्स साधारण २७ महिन्यांचा, पूर्णवेळ. त्या काळात नोकरी करू नका असं बहुतेक कॉलेजं बजावतात. म्हणजे सव्वादोन वर्षं पगार बंद आणि वर फी. घरच्यांबरोबर बसून हा हिशोब मांडल्याशिवाय कास्पाचा, म्हणजे पीए कॉलेजांचा सामाईक ऑनलाइन अर्ज भरायला घेऊ नका.

पीएच्या प्रवेशाला पेशंटबरोबर काम केल्याचे तास मागतात, त्यांची काळजी सोडा; आयसीयूतला अनुभव तुमच्याकडे आहेच. हा पेशाच १९६५ मध्ये ड्यूक विद्यापीठात नौदलातल्या अनुभवी कॉर्प्समनना घेऊन सुरू झाला. घोडं अडतं ते प्रीरेक्विझिटपाशी, म्हणजे प्रवेशाआधी पूर्ण करायच्या विषयांपाशी. मार्कशीटचं डब्ल्यूईएसकडून (परदेशी शिक्षण तपासणारी संस्था) मूल्यमापन झालं तरी अनेक कॉलेजांना हे विषय इथेच केलेले लागतात, आणि नर्सिंगची केमिस्ट्री बऱ्याच ठिकाणी चालत नाही. मी रात्रपाळी उतरून कम्युनिटी कॉलेजात ऑरगॅनिक केमिस्ट्रीला बसायचे.

मला खरं जड गेलं ते पुढेच. पीएच्या कोर्सात मेडिसिनच्या रोटेशनला (हॉस्पिटलातल्या प्रशिक्षणाच्या फेरीला) एक आजोबा आले, दम लागलेला. मी प्रिसेप्टरना (तिथे शिकवणाऱ्यांना) धडाधड सांगितलं: सॅच्युरेशन ८८, दोन्ही पायांना सूज, रात्री उशा रचून झोपतात. ते म्हणाले, "बरं, मग झालंय काय त्यांना?" मी गप्प. अशा कितीतरी पेशंटना मी स्वतःच्या हाताने लॅसिक्स (अंगातलं जादा पाणी काढणारं औषध) दिलेलं. हार्ट फेल्युअर हे शब्द अगदी ओठांवर होते, पण बाहेर पडेनात. 'डॉक्टरांना कळवलं' एवढं लिहून थांबायची इतक्या वर्षांची सवय! ती मोडायला मला अख्खं रोटेशन लागलं. तुम्ही आजच्या ड्यूटीपासूनच सुरुवात करा: नवीन पेशंट आला की डॉक्टरांची नोट उघडण्याआधी वहीत तीन निदानं लिहायची, प्रत्येकापुढे कारण.

शस्त्रक्रियेची ओढ असेल किंवा पुढेमागे विभाग बदलावासा वाटत असेल तर पीएचा कोर्सच करा. मला ऑर्थोपेडिक्सच्या ओटीत उभं राहायचं होतं, म्हणून मी ते केलं. आयसीयूतच रमत असाल तर मात्र ॲक्यूट केअर एनपी तुम्हाला जास्त सोयीचं, पगारही चालू राहील.

तुमचे विषय आणि ते कुठल्या वर्षी केले, एवढं इथे लिहा. कुठे अडेल ते बघून सांगते.