मुरमातलं शेततळं गळतंय : कागद घालू की काळी माती?

प्रश्न : ताई, नमस्कार. नोकरीमुळे मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो, शेती जत तालुक्यात आहे. मुरमाच्या रानात ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल शेततळं काढलंय. परतीच्या पावसात काठोकाठ भरतं आणि डिसेंबरात तळ दिसतो. हस्त बहराचं, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात फुललेलं, डाळिंब फुगायच्या वेळेलाच पाणी संपतं. ठेकेदार प्लास्टिकचा कागद घालू म्हणतो. वडील म्हणतात, काळी माती टाकून तुडवली की झालं. कुणाचं ऐकू?

उत्तर : पैसे खर्च करण्याआधी पाणी नेमकं कुठं जातं ते बघा. एक सरळ उभ्या बाजूंचा पिंप तळ्यात काठालगत दगड टाकून उभा करा. त्याचं तोंड पाण्याच्या वर राहू दे आणि आत-बाहेर पाणी एकाच पातळीला भरा. दोन्हीकडं रंगाची खूण करा. आठवडाभर मोटर लावू नका. पिंपातलं जेवढं उतरलं ते उन्हानं गेलं. बाहेरचं त्याहून जेवढं जास्त उतरलं ते मुरमानं प्यायलं. भरलेल्या तळ्यात १ सेंटीमीटर म्हणजे ९ हजार लिटर, हे ध्यानात ठेवा.

आता ते मुरलेलं पाणी. खालच्या अंगाला तुमची विहीर आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल आणि तळं झाल्यापासून तिला पाणी वाढलं असेल, तर कागदाच्या नादाला लागूच नका. तुमचं तळं पाझर तलावाचं काम करतंय. ते पैसे विहिरीतला गाळ काढायला घाला. तेच पाणी उन्हात न वाळता तुम्हाला मिळेल.

विहीर नसेल, तर मुरणं थांबवावंच लागेल. वडील सांगतात त्यात तथ्य आहे. पंचगंगेवरच्या बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालताना पाहिलं असेल, बरग्यांच्या दोन ओळींमध्ये माती ठासून भरतात तेव्हा कुठं पाणी अडतं. पण काळी माती ओली असेपर्यंतच पाणी धरते. पातळी उतरली की उघडी पडलेली बाजू भेगाळते. शिवाय तुमच्या तळ्याचे काठ बहुधा १ ला १ उताराचे, म्हणजे एक मीटर खोलीला एक मीटर आडवे, असतील. एवढ्या उभ्या काठावर माती टिकत नाही, घसरून तळाशी येते. तिला निदान २ ला १ उतार (एक मीटर खोलीला दोन मीटर आडवा) लागतो, म्हणजे तळं पुन्हा खोदणं आलं. एक फुटाचा थर द्यायचा तर दाबून ११० ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट), सैल माती सव्वाशे-दीडशे ब्रास. एवढी काळी माती कुणाच्या तरी चांगल्या रानातून उचलून आणायची, हे मला पटत नाही.

म्हणून तुमच्यासाठी कागद. ५०० मायक्रॉन जाडीचा घ्या, आयएस १५३५१ या भारतीय मानकाचा शिक्का बघून. काठावरची चर धरून साडेअकराशे चौरस मीटरच्या आसपास लागेल. खरी गोम कागदाखाली असते. मुरमाचे टोकदार खडे हातानं वेचून काढा आणि वर चाळलेल्या मातीचा थर देऊन दाबून घ्या, नाहीतर ३ मीटर पाण्याच्या वजनाखाली एकेक खडा कागदाला भोक पाडतो. कागद सकाळच्या गारव्यात, थोडा सैल अंथरा. ताणून बसवलेला कागद जोडावर फाटतो. जोड उष्णतेनं चिकटवलेला हवा. ठेकेदाराला सोडायच्या आधी प्रत्येक जोडावरून बोथट स्क्रू-ड्रायव्हर फिरवा. टोक आत शिरलं तर तिथं पुन्हा जोडायला लावा. कडेनं अर्धा मीटर खोल चर काढून कागदाची टोकं त्यात पुरा. उंदीर आणि खेकडे तिथूनच सुरुवात करतात.

कागदानं मुरणं थांबतं, वाफ थांबत नाही. हस्त बहर फेब्रुवारी-मार्चपर्यंत निभावेल. पाणी मे महिन्यापर्यंत पुरवायचं म्हणून बोअर उपसून तळं भरू नका, ही माझी कळकळीची विनंती. तुमच्या भागात पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. जमिनीतलं पाणी सगळ्या शिवाराचं आहे, आणि ते वर काढून उन्हात ठेवलं की रोज हजारो लिटर उडून जातं.

आणखी एक. ओला कागद इतका निसरडा असतो की पोहता येणारा माणूसही वर येऊ शकत नाही. तारेचं कुंपण घाला आणि चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर खुंटांना बांधून पाण्यात सोडा. हे काम कागद अंथरला त्याच दिवशी, पाणी यायच्या आधी करा.