शाडूच्या वस्तूंना तडे का जातात?

प्रश्न : आमच्या उन्हाळी शिबिरात मुलं शाडूचे बैल करतात. दुसऱ्या दिवशी पाय गळतात, पोटाला भेगा पडतात. काय चुकतं?
– एक शिक्षिका, कळंबा, कोल्हापूर

उत्तर : बैल लगेच उन्हात ठेवत असाल. वरचा थर आधी सुकून आकसतो, आतली माती ओलीच. मग तडा जाणारच. पहिला दिवस ओलसर फडक्याखाली, पुढे तीन-चार दिवस सावलीत ठेवा. पाय नुसते दाबून टिकत नाहीत. दोन्ही बाजू काट्यानं खरवडा, मधे दह्यासारखी पातळ माती लावा, दाबून सांधा बोटानं सारवा. जाड पोट खालून पोकरा, भिंत साधारण 1 सेंमी ठेवा. मुलं सारखी पाण्यात बोटं बुडवतात, खरी गडबड तिथंच! चौघांत एक वाटी पुरे. वळवाचं आभाळ आलं, की ताटं आत घ्या.