गाडी थांबली की शेठचा फोन येणारच

भाऊ, ट्रकवर नवीन आहेस म्हणून सांगतो, गाडी कुठं उभी ते शेठला दाखवणाऱ्या जीपीएसला घाबरून झोप टाळू नको. रावेर-सावद्याची केळी भरली की शेठला घाई असतेच, माल पिकतो ना, पण गाडी दहा मिनिटं उभी राहिली की "का थांबला रे?" म्हणून फोन, त्याला काय अर्थ आहे. तू थांबायच्या आधीच व्हॉट्सअ‍ॅप टाक, "डोळे लागताय, अमुक ढाब्यावर दोन तास झोपतो", लोकेशन जोड आणि मेसेज डिलीट करू नको, उद्या भाड्यातून कापाकापी केली तर तोच कामात येतो. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यातच दिवसाला ८ तास काम अन् ५ तासांनंतर अर्धा तास विश्रांती लिहिली होती, पाळली कोणी ते सोड.

लोडिंगला गाडी लागली की मोबाईल बघत बसू नको, केबिनमधे आडवा हो, हमाल उठवतील.

आणि सेंधव्याकडून शिरपूरला येताना बिजासन घाट पहाटे तीन-चारला पेंगत उतरायचा नाही, वरच थांब. उतरताना गिअर खालचाच, डिझेल वाचवायला न्यूट्रल तर अजिबात नाही, ब्रेक तापले की मग पाय दाबूनही गाडी ऐकत नाही. ओव्हरस्पीडचा मेसेज शेठला गेला की तोच वर तुला बोलणार, घाई पण त्याचीच!