'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स'चे जुने अंक कसे वाचावेत

प्रिय अभ्यासकास,
अनेक आशीर्वाद.

'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' या अमेरिकी मासिकाचा इतिहास लिहायचे तू मनावर घेतलेस, याचा मला फार आनंद झाला. तुझ्या आराखड्यात मात्र जवळजवळ सगळा भर जानेवारी १९७५ च्या अंकावर आहे. त्या अंकाकडे वळण्याआधी ऑक्टोबर १९५४ पासूनचे, फारसे कोणी उघडत नाही असे साधे अंक वाच. घरी उपकरण बांधण्याच्या एखाद्या प्रकल्पाचा लेख घे आणि सर्किटच्या आकृतीवरचा आर-१ (रेझिस्टर), सी-१ (कपॅसिटर) असा प्रत्येक क्रमांक सुट्या भागांच्या यादीशी ताडून पाहा. नंतरच्या वर्षांत तर सर्किट बोर्डावरच्या तांब्याच्या रेषांचा नकाशा प्रत्यक्ष मापात छापला जाई, म्हणजे वाचकाला तो तसाच उतरवून घेऊन घरी बोर्ड तयार करता यावा. लेख खऱ्या अर्थाने पुरा होई तो वाचकाच्या टेबलावर, आणि या मासिकाचे सामर्थ्य मला त्यातच दिसते.

आता १९७५ कडे ये. एड रॉबर्ट्स आणि विल्यम येट्स यांच्या लेखातून 'अल्टेअर ८८००' हा संगणक ३९७ डॉलरच्या, स्वतः जोडायच्या संचाच्या रूपाने वाचकांपुढे आला. त्यात इंटेलचा ८०८० प्रोसेसर आणि अवघी २५६ बाइटची मेमरी होती; कीबोर्ड नाही, पडदा नाही, दर्शनी भागावरचे स्विच वरखाली करून एकेक सूचना भरायची आणि उत्तर दिव्यांवरून वाचायचे. मुखपृष्ठावर दिसतो तो रिकामा खोका आहे, कारण मूळ नमुना वाहतुकीत हरवला होता. पण या किश्शाला एका वाक्याहून अधिक जागा देऊ नकोस. त्यापेक्षा 'रेडिओ-इलेक्ट्रॉनिक्स'चा जुलै १९७४ चा अंक शेजारी ठेव. जोनाथन टायटस यांचा 'मार्क-८' हा घरी बांधायचा संगणक तिथे सहा महिने आधीच आला होता, परंतु आराखडा मागवल्यावर भागांची जमवाजमव वाचकालाच करावी लागे, तर अल्टेअरचा संच एकाच ठिकाणी मिळे. माझ्या मते फरक पडला तो इथे.

नोव्हेंबर १९८२ मध्ये मासिकाचे नाव 'कॉम्प्युटर्स अँड इलेक्ट्रॉनिक्स' झाले आणि एप्रिल १९८५ च्या अंकानंतर ते बंद पडले. (जुने नाव पुढे दुसऱ्या प्रकाशकाने वापरले, ते प्रकरण वेगळे ठेव.) या शेवटच्या वर्षांत बांधणीच्या प्रकल्पांना किती पाने मिळाली आणि तयार संगणकांच्या परीक्षणांना किती, हे अंकागणिक मोजून ठेव; मासिक का बंद पडले, याबद्दल काही लिहिण्याआधी ती मोजणी मला पाठव.