मुरबाडला दोन एकरांत कोको लावला तर परवडेल का?

नुसता कोको लावणार असाल तर माझं स्पष्ट मत: नको. नारळ-सुपारीची बाग आधीच उभी असेल आणि उन्हाळ्यातही पाणी पुरत असेल, तर आंतरपीक म्हणून जरूर विचार करा. केरळ, कर्नाटक, आंध्रातही तो बहुतेक असाच घेतात, कारण झाडाला सावली लागते.

आपल्याकडे खरी अडचण पाण्याची. पाऊस धो धो, पण चारच महिने. पुढे आठ महिने ठिबक हवंच. पावसाळ्यात फळं काळी पडून कुजतात, शिवाय उंदीर-खारी फळं पोखरतात. फळं तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून. चांगल्या झाडामागे वर्षाला साधारण एक किलो सुकं बी धरा. ओलं बी सुकून तिसरा हिस्साच उरतं. आधी ते पाच-सहा दिवस आंबवावं लागतं. त्यात कुचराई झाली की भाव गेलाच.

२०२४ मध्ये जागतिक भाव टनाला १०,००० डॉलरच्या वर गेला, पुढच्याच वर्षी कोसळला. तो आकडा धरून कर्ज काढू नका, कळकळीने सांगतो. कॅम्पकोसारखी खरेदीदार सहकारी संस्था कर्नाटकात, मंगळुरूला आहे. त्यामुळे रोपं आणण्याआधी गिऱ्हाईक पक्कं करा.