मैत्रिणीच्या चिठ्ठीवर मागू नकोस

प्रिय बाळा,

काल रात्री तू पाठवलेला फोटो पाहिला. मैत्रिणीच्या डॉक्टरांची चिठ्ठी, त्यावर सेमाग्लुटाइड या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनचं पेन, आणि खाली तुझा प्रश्न: "काकू, याच चिठ्ठीवर मला मिळेल का? लग्नाला चारच महिने राहिलेत." मी देणार नाही. दुसऱ्या मेडिकलवाल्यानं दिलं तरी घेऊ नकोस, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

भूक मारणारी औषधं येताना आणि जाताना मी पाहिली आहेत. फेनफ्लुरामिननं हृदयाच्या झडपा खराब होतात म्हणून 1997 मध्ये ते अमेरिकेच्या बाजारातून गेलं. रिमोनाबंटनं लोक खोल नैराश्यात जाऊ लागले, ते 2008 मध्ये युरोपात थांबलं. आणि सिब्युट्रामिन तर मी स्वतः विकलंय, रीतसर चिठ्ठीवर.

एक शिक्षिका दर महिन्याला त्या गोळ्या न्यायच्या. वजन उतरत होतं, खूश होत्या. एकदा पैसे मोजताना त्यांची बोटं थरथरत होती. विचारलं तर म्हणाल्या, झोप लागत नाही, तोंड सारखं कोरडं पडतं, छातीत धडधडतं. स्टुलावर बसवून बीपी घेतलं, 160/100. तशीच रिक्षा करून डॉक्टरांकडे पाठवलं. त्या गोळीनं रक्तदाब आणि नाडी वाढते, हे पाकिटातल्या पत्रकात बारीक अक्षरांत छापलेलं होतं. मी ते त्यांना कधी वाचून दाखवलं नव्हतं. याची बोच अजून आहे. पुढे सुमारे 10,000 रुग्णांच्या चाचणीत, आधीच हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्यांमध्ये हार्ट अटॅक आणि पक्षाघात जास्त दिसले. फेब्रुवारी 2011 मध्ये आपल्याकडे बंदी आली. उरलेल्या स्ट्रिप मी खोक्यात भरून परत पाठवल्या. पण 'हर्बल' म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सुलांमध्ये तेच सिब्युट्रामिन नंतरही वारंवार सापडलंय. तसलं काही ऑनलाइन मागवलं असशील तर आजच बंद कर.

आता तुझं पेन. ते वेगळं औषध आहे, आणि ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी खरंच चांगलं. पोट हळू रिकामं होतं, मेंदूला लवकर तृप्ती कळते. पण ते बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, 30 किंवा जास्त असेल, किंवा किमान 27 असून सोबत बीपी, शुगर असेल, तर देतात. तुझी उंची 158 सेंटिमीटर, वजन 60 किलो. बीएमआय 24. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता तर नेहमीच्याच. पित्ताशयात खडे, क्वचित स्वादुपिंडाला सूज. चरबीसोबत स्नायूही झडतात. बंद केल्यावर वजन बहुतेकांचं परत चढतं. एका अभ्यासात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश वर्षभरात परत आलं होतं. शिवाय मूल हवं असेल तर किमान दोन महिने आधी ते थांबवावं लागतं. लग्न तोंडावर आलेल्या मुलीला हे कुणीतरी सांगायलाच हवं होतं.

तुझ्या मैत्रिणीला तिच्या डॉक्टरांनी घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर झालाय का, स्वादुपिंडाचा त्रास होता का, हे विचारलं असेल. तुला कुणीच विचारलेलं नाही. त्या चिठ्ठीवर तिचं नाव आहे.

वजन अचानक वाढलंय म्हणतेस, पाळीही लांबतेय. मग आधी थायरॉइड आणि शुगर तपासून घे. सोमवारी रिपोर्ट घेऊन दुकानात ये, दुपारी तीननंतर गर्दी नसते. आपण दोघी बसून वाचू, आणि डॉक्टरांना काय विचारायचं ते कागदावर लिहून काढू. ब्लाउजचं माप मात्र इतक्यात देऊ नकोस, टेलरला लग्नाआधी पंधरा दिवस पुरतात.

तुझी,
मेडिकलवाली काकू